हे कोणी केले?

कोणतीही वस्तू हाती आली की ती कोणी केली असेल, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला आहे. आमच्या गावात त्याचे उत्तर मिळणे फारसे कठीण नसे. पहाटे सायकलचा भोंगा वाजवीत येणाऱ्या पोदेराच्या टोपलीतील पाव कोणत्या भट्टीतला, हे लहान पोरालाही ठाऊक असे. पाव आंबूस लागला, तर आई दुसऱ्या दिवशी पोदेराला दारातच थांबवी. तो मान खाली घालून ऐकून घेई, आणि तिसऱ्या दिवशीचा पाव पुन्हा पहिल्यासारखा लागे. माजघरातील पाळणा कोणत्या मेस्ताने घडविला, हे आजीला माहीत होते. इतकेच नव्हे, तर त्याच्या एका पायाला पडलेला बाक का पडला, याचीही तिच्याजवळ एक गोष्ट होती. वस्तू आणि तिचा कर्ता यांच्यामध्ये एक लहानशी पायवाट असे. त्या वाटेने तक्रार जाई, कौतुकही जाई.

संगणकाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न मी कित्येक वर्षे विचारलाच नाही. आपण कळ दाबतो, पडद्यावर अक्षर उमटते. ते कोणी उमटविले, असे विचारणे मला पाऊस कोणी पाडला असे विचारण्यासारखे वाटे. संगणकाच्या आज्ञावल्या जणू आकाशातून पडतात, अशी माझी समजूत होती. ती मोडली 2022 च्या पावसाळ्यात, आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात.

आषाढातला पाऊस कौलांवर कोसळत होता. कोपऱ्यात गळणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवलेली होती. माझा एक माजी विद्यार्थी, आता अभियंता झालेला, सुटीत गावी आला असता शाळेचे जुने संगणक दुरुस्त करून देत होता. दोन यंत्रांच्या मध्ये बसून मी त्याला चहा देण्याचे महत्त्वाचे काम करीत होते. तो शिपायाबरोबर तारा पाहावयास बाहेर गेला, तेव्हा माझे लक्ष त्याच्या पडद्याकडे गेले. काळ्या, रिकाम्या पडद्याच्या मध्यभागी इंग्रजीत काही ओळी होत्या. आज्ञावलीचे नाव होते ‘व्हिम’. तिच्या कर्त्याचे नाव होते ब्राम मोलेनार. आणि त्याखाली लिहिले होते : युगांडातील गरीब मुलांना मदत करा.

मी ती ओळ दोनदा वाचली. संगणकाच्या पडद्यावर मला आजवर पुष्कळ गोष्टी सांगण्यात आल्या होत्या : हे विकत घ्या, ते पाहा, येथे मान्यता द्या. परंतु दूरच्या एका देशातील मुलांना मदत करा, असे कोणत्याही यंत्राने मला सांगितले नव्हते. अधिक काही कळेल म्हणून मी दोन-चार कळा दाबल्या. झाले! ओळी नाहीशा झाल्या, यंत्र टक् टक् आवाज करू लागले आणि काही केल्या त्यातून बाहेर पडता येईना. तो परत आला तेव्हा मी गुन्हेगारासारखी बसले होते. तो हसून म्हणाला, “टीचर, यात अडकलेल्या तुम्ही पहिल्या नव्हे. बाहेर पडायची युक्ती त्या ओळींतच लिहिलेली होती. पण ती वाचायच्या आधीच सगळे जण कळा दाबतात.” उत्तरपत्रिका लिहिण्यापूर्वी प्रश्नपत्रिका नीट वाचा, असे मी ज्याला पाच वर्षे सांगत होते, त्यानेच मला हा धडा परत केला.

त्या दुपारी पाऊस थांबेपर्यंत त्याने मला त्या नावामागील माणसाची हकीकत सांगितली, आणि पुढे मी स्वतः ती वाचून काढली.

ब्राम मोलेनार यांचा जन्म 1961 साली नेदरलँड्समध्ये झाला. डेल्फ्ट येथील विद्यापीठात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. मजकूर लिहिण्यासाठी व सुधारण्यासाठी ‘व्ही-आय’ नावाची एक आज्ञावली त्यांना आवडत असे. परंतु त्यांच्या घरच्या ‘ॲमिगा’ संगणकावर ती चालत नव्हती. म्हणून 1988 साली, दुसऱ्या कोणीतरी केलेली तिची एक नक्कल हाती घेऊन, ते ती स्वतःपुरती दुरुस्त करू लागले. 1991 च्या नोव्हेंबरात ती प्रथम लोकांपुढे आली. त्या काळी फ्रेड फिश नावाचे एक गृहस्थ अशा फुकट आज्ञावल्या गोळा करून चुंबकीय तबकड्यांवर भरून वाटीत असत. त्यांच्या 591 क्रमांकाच्या तबकडीवर ‘व्हिम’ ही होती. आरंभी या नावाचा अर्थ ‘व्ही-आयची नक्कल’ असा होता. 1993 मध्ये, मूळ वस्तूपेक्षा नक्कल पुढे गेल्यावर, त्याच अक्षरांचा अर्थ ‘सुधारलेली व्ही-आय’ असा करण्यात आला. वळणदार अक्षर काढणाऱ्या वर्गमित्राची वही समोर ठेवून गिरविणाऱ्या मुलांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

1994 मध्ये मोलेनार युगांडाच्या दक्षिणेकडील किबाले या लहानशा गावी गेले. एड्सने त्या भागात अनेक घरांतील आईबाप नेले होते आणि मुले मागे राहिली होती. तेथील बालकेंद्रात त्यांनी वर्षभर पाणीपुरवठा व स्वच्छता यांची कामे पाहिली. परत आल्यावर त्यांनी या मुलांच्या शिक्षणासाठी, अन्नासाठी व औषधपाण्यासाठी मदत गोळा करणारी एक संस्था काढली आणि आपल्या आज्ञावलीच्या पहिल्या पडद्यावर ती ओळ लिहिली. आज्ञावलीची किंमत काहीच नाही. ती घ्या, वापरा, इतरांना द्या. मात्र आवडली तर या मुलांची आठवण ठेवा, एवढेच मागणे. पुढे वर्गणी देणाऱ्यांना, आज्ञावलीत कोणती सुधारणा आधी व्हावी यावर मत देण्याचीही सोय त्यांनी केली. जगभरच्या असंख्य संगणकांवर पोहोचलेल्या त्या वस्तूच्या दर्शनी भागी एखादा व्यापारी काय लिहिता? या माणसाने काय लिहिले!

असे एकटे-दुकटे कारागीर या क्षेत्रात पुष्कळ आहेत. त्यांतील एक तर आपल्याच उपखंडातला. बांगला देशात मैमनसिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना मेहदी हसन खान या विद्यार्थ्याने 2003 साली ‘अभ्र’ नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. रोमन अक्षरांच्या कळा उच्चाराप्रमाणे दाबल्या की पडद्यावर बंगाली अक्षरे उमटावीत, अशी तिची योजना होती. आपली भाषा लिहिण्यासाठी कोणाला पैसे मोजावे लागू नयेत, म्हणून ती सर्वांना मोफत दिली गेली. 2025 साली त्यांना व त्यांच्या तीन सहकाऱ्यांना त्या देशाचे ‘एकुशे पदक’ देण्यात आले. पुढे डॉक्टर होणारा एक मुलगा अभ्यासातून वेळ काढून आपल्या भाषेसाठी कळफलक घडवितो, हे वाचताना मला फार बरे वाटले. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत इंग्रजी अशा तीन घरांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना, स्वतःचे अक्षर पडद्यावर उमटताना पाहण्याचे सुख वेगळे सांगावयास नको.

इंटरनेटवरील जाळे, ज्याला आपण ‘वेब’ म्हणतो, तेही मूळचे अशाच हातांचे. जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ते उभे केले आणि 1991 च्या ऑगस्टमध्ये त्याची माहिती जगाला दिली. त्यांनी केलेल्या पहिल्या आज्ञावलीत पाने वाचताही येत आणि लिहिताही येत; वाचणारा तोच लिहिणारा, अशी त्यांची कल्पना होती. 30 एप्रिल 1993 रोजी ‘सर्न’ने या कामावरील आपला हक्क सोडून ते सर्वांना खुले केले. पुढची काही वर्षे मोठ्या बहराची होती. कोणी आपल्या मांजराविषयी पान लिही, कोणी रेल्वेच्या इंजिनांविषयी, कोणी आपल्या गावाच्या इतिहासाविषयी. विशेष म्हणजे कोणतेही पान कसे घडविले आहे, ते उघडून पाहण्याची सोय होती आणि ती अजूनही आहे. सुताराच्या उघड्या पडवीत उभे राहून मुले रंधा मारणे पाहतात ना, तसे हे शिकणे होते.

1994 साली अमेरिकेत ‘जिओसिटीज’ नावाची एक वसाहत निघाली. प्रत्येकाला जाळ्यावर पानासाठी फुकट जागा द्यावयाची, ही तिची योजना. मौज अशी की, तेथे गावासारखे वाडे पाडलेले होते. चित्रपटांची आवड असलेल्यांसाठी ‘हॉलिवूड’, संगणकवेड्यांसाठी ‘सिलिकॉन व्हॅली’, मुलांसाठी ‘मंत्रलेले रान’. आणि प्रत्येक पानाला घर क्रमांक! लक्षावधी लोकांनी तेथे वेडीवाकडी, भडक रंगांची, परंतु स्वतःची घरे बांधली. 1999 मध्ये ‘याहू’ कंपनीने ही वसाहत सुमारे साडेतीन अब्ज डॉलर मोलाचे भाग देऊन विकत घेतली आणि 26 ऑक्टोबर 2009 रोजी ती बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून शक्य तेवढ्या पानांच्या प्रती काढून ठेवल्या, म्हणून आज तिचे अवशेष तरी पाहावयास मिळतात. घर आपले, पण जमीन दुसऱ्याची. तेव्हा जमिनीचा मालक उठ म्हणाला की उठावे लागते. आपल्याकडील मुंडकारांच्या नातवंडांना हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

हे सारे मला परक्याचे दुःख म्हणून वाचता आले असते; पण तसे वाचता आले नाही, कारण आमच्या शाळेचीही एक लहानशी झोपडी अशीच गेली होती. 2016 साली माझ्या वर्गातील मुलांनी आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून कोकणी शब्द जमविले होते. शेतीचे, मासळीचे, स्वयंपाकघराचे, जुन्या घरांच्या भागांचे. सुमारे चारशे शब्द झाले. प्रत्येकापुढे मराठी अर्थ आणि शब्द सांगणाऱ्याचे नाव होते. एका मोठ्या कंपनीच्या फुकट जागेवर आम्ही ते मोठ्या हौसेने चढविले आणि कागद रद्दीत दिले. आता कागदांची काय गरज, असे मीच म्हटले होते. पाच वर्षांनी कोणाला तरी दाखवावे म्हणून ते पान उघडू गेले, तो तेथे काहीच नव्हते. ती सेवा बंद झाली होती. तशी सूचना आली होती म्हणे. परंतु ज्या पत्त्यावर ती आली, तो पत्ता उघडून पाहणारे कोणी शाळेत उरले नव्हते. दोष सर्वस्वी कंपनीचा म्हणता येणार नाही. माझ्या निष्काळजीपणाचा वाटा त्यात मोठा आहे. पण सर्वांत वाईट वाटले ते याचे, की ते शब्द सांगणाऱ्या आजी-आजोबांपैकी काही जण तोवर निघून गेले होते. पुन्हा विचारावयाचे तर कोणाला?

म्हणून मोलेनार यांची हकीकत ऐकल्यावर माझ्या मनात आले, की अशा ओळखीच्या, एकट्या माणसाच्या हातची वस्तूच बरी. तिला नाव असते, चेहरा असतो. हे माझे मत वर्षभर टिकले. 2023 च्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी त्याच माजी विद्यार्थ्याचा फोन आला. “टीचर, ते व्हिमवाले गेले हो,” तो म्हणाला. 3 ऑगस्ट रोजी मोलेनार यांचे निधन झाले होते. वय अवघे 62. थोड्याच आठवड्यांत आजार वाढत गेला, असे त्यांच्या घरच्यांनी कळविले होते. ज्या माणसाला आम्हा दोघांपैकी कोणीही कधी पाहिले नव्हते, त्याच्यासाठी आम्ही काही वेळ फोनवर गप्प राहिलो.

तेव्हा माझ्या सोप्या मताला तडा गेला. कंपनी एक दिवस सेवा बंद करते, हे खरे. पण एकटा माणूस थकतो, आजारी पडतो, मरतो. त्याला पुष्कळदा पगार नसतो. चूक झाली की लोक त्याला बोल लावतात आणि सारे नीट चालले असता त्याची कोणाला आठवणही होत नाही. मोठ्या संस्थांच्या सोयी आपण रोज वापरतो आणि त्या उपयोगी पडतात, हेही नाकारता येत नाही. मग लहान कारागिराच्या वस्तूत विशेष ते काय राहिले?

उत्तर पुढच्या काही महिन्यांत मिळाले. मोलेनार यांनी आपली आज्ञावली कशी घडविली, हे कधी लपविले नव्हते. तिची प्रत्येक ओळ सर्वांसमोर होती आणि तीत हात घालणारे सहकारी त्यांनी वर्षानुवर्षे जोडले होते. त्या सहकाऱ्यांनी काम उचलले. 2 जानेवारी 2024 रोजी पुढची आवृत्ती निघाली, ती त्यांच्या स्मृतीला अर्पण करून. कर्ता गेला, परंतु वस्तू पोरकी झाली नाही. मला वाटते, मर्म येथे आहे. वस्तू लहान माणसाची की मोठ्या कंपनीची, एवढ्यावर तिचे आयुष्य ठरत नाही. तिच्यापर्यंत पोहोचणारी पायवाट उघडी आहे की नाही, आणि त्या वाटेने पुढे कोणी आले की नाही, यावर ते ठरते.

मग आम्ही पुन्हा आरंभ केला. एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी माळ्यावर तिची वही सापडली. तीत दीडशेच्या आसपास शब्द होते. नववीतील एका मुलीने ते सारे साध्या पानावर उतरविले. तिने कोणतीही तयार सजावट घेतली नाही; इतरांची पाने उघडून, ती कशी बांधली आहेत ते पाहून, स्वतः खुणा लिहिल्या. काळी अक्षरे, पांढरी जमीन, आणि वर एक आंब्याच्या पानांचे तोरण, जे तिने हाताने काढले होते आणि जे एका बाजूला जरा खाली आले होते. मी ते सरळ करावयास सांगितले नाही. तळाशी तिने लिहिले : ‘हे पान आम्ही केले आहे. चूक आढळल्यास कळवावे.’ आणि शाळेचा पत्ता.

तीन महिन्यांनी एक आंतर्देशीय पत्र आले. नदीपलीकडच्या एका गावातील वृद्ध शेतकऱ्याने ते आपल्या नातीकडून लिहवून घेतले होते. आमच्या पानावर ‘मानस’ या शब्दापुढे ‘मन, इच्छा’ असा अर्थ दिला होता. मराठीचे पुस्तक वाचणाऱ्या मुलीला दुसरे काय सुचणार? आणि मी, मराठीची शिक्षिका, ते तपासून पुढे गेले होते! पत्रात एकच ओळ कोकणीत होती : “मानस म्हणजे मन न्हय, उदकाचें दार.” पुढे मराठीत सविस्तर खुलासा होता. खाजन शेतीच्या बांधाला लाकडी झडपा बसवितात, ती मानस. नदीला भरती आली की पाण्याच्या दाबानेच ती मिटते आणि खारे पाणी शेतात शिरू देत नाही. ओहोटी लागली की उघडते आणि शेतातले जादा पाणी बाहेर सोडते. ‘दार आपोआप चालते असे पोरांना वाटते,’ असे त्या आजोबांनी लिहविले होते, ‘पण फळ्या खाऱ्या पाण्याने कुजतात. कोणीतरी वेळेवर पाहाव्या लागतात. एक फळी गेली, तर साऱ्या गावचे शेत खारे होते.’

मी ते पत्र वर्गात मोठ्याने वाचले. मुले प्रथम हसली, मग गप्प झाली. त्याच दिवशी अर्थ दुरुस्त झाला आणि त्यापुढे आजोबांचे नाव आले. पाव आंबूस लागला म्हणून पोदेराला थांबविणारी माझी आई मला त्या वेळी आठवली. आमच्या पानाकडे येणारी पायवाट उघडी होती, म्हणून तो माणूस आमच्यापर्यंत येऊ शकला.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळ जण उद्या संगणकावर काम कराल; काही जण आज्ञावल्याही लिहाल. तुम्ही मोठ्या कंपनीत काम करा, अगर घरच्या पडवीत बसून काही लहानसे घडवा. त्यावर तुमचे नाव घाला, चूक कळविण्याचा पत्ता द्या, आणि आपण नसलो तर हे कोण पाहील, याची व्यवस्था करून ठेवा. आणि तुम्ही केवळ वापरणारे असाल, तर हे कोणी केले, एवढे कधीतरी विचारा. कर्ता सापडलाच, तर दोन ओळींचे आभार पाठवा. अशा पत्रावर एखादा माणूस आणखी वर्षभर काम करतो, हे मी आता स्वतःच्या अनुभवाने सांगू शकते.

ती मुलगी यंदा दहावी होऊन शाळा सोडील. तिने पानाच्या साऱ्या खुणा एका वहीत लिहून ती वही आठवीतील दोघा मुलांच्या हाती दिली आहे. या वेळी कागद रद्दीत घातलेले नाहीत. शब्द अजून दोनशेच्याही वर गेलेले नाहीत. चारशे व्हावयास पुष्कळ अवकाश आहे. घरी आजी-आजोबा असतील, तर या सुटीत त्यांना विचारा, आणि आमचे काही चुकले असेल तर जरूर कळवा. पत्ता पानाच्या तळाशी आहे.